न झिंगवणारी नशा : मेफेड्रॉन आणि वऱ्हाड

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर मोझरी, तिवसा, तळेगाव ही गावे मागे टाकली, की वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) लागते. वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) ते हे नव्हे. हे अमरावती जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे, संत्र्यांच्या पट्ट्यातील तालुक्याचे गाव. डिसेंबर २०२५ मध्ये या परिसरात महसूल गुप्तचर संचालनालयाने छापा घातला आणि मेफेड्रॉन या कृत्रिम उत्तेजक द्रव्याची निर्मिती करणारा छुपा कारखाना उघडकीस आणला. सुमारे १२८ किलो तयार माल आणि तो बनविण्यासाठी लागणारी रसायने जप्त झाली. संचालनालयाने या कारवाईला 'हिंटरलँड ब्रू' असे सांकेतिक नाव दिले होते. आतल्या मुलखातील भट्टी, असा त्याचा साधारण अर्थ घेता येईल. गांधीजींच्या वास्तव्यामुळे सुमारे अर्ध्या शतकापासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात ही भट्टी सापडावी, हा योगायोग विचित्र खराच.

मुंबई-पुण्याच्या रात्रजीवनाशी जोडला गेलेला हा पदार्थ वऱ्हाडच्या उंबरठ्याशी तयार होत होता, एवढाच या घटनेचा अर्थ नाही. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत 'एमडी'च्या पुड्या बाळगणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत स्थानिक पानांवर येऊ लागल्या आहेत. त्या वाचून पालकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की आपल्या घरात हे शिरले तर आपल्याला कळेल का? अनेकदा ते कळत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो आणि त्याला एक सबळ कारण आहे.

नशा म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे झोकांड्या खाणारा माणूस उभा राहतो. झिंग, गुंगी, तर्र, धुंदी हे आपले सारे शब्द दारू, अफू, भांग, गांजा अशा पदार्थांच्या अनुभवातून आलेले आहेत. फार कशाला, अमली पदार्थांविषयीच्या १९८५च्या केंद्रीय कायद्याचे मराठी नावदेखील 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम' असे आहे. उत्तेजक द्रव्यांत गुंगी नसते. ते घेतलेला माणूस झोकांड्या खात नाही, त्याच्या तोंडाला वास येत नाही, तो कोपऱ्यात पडून राहत नाही. उलट तो अधिक जागा, अधिक बोलका, अधिक उत्साही दिसतो. रात्रभर अभ्यास करणारा मुलगा, दुकानात न थकता राबणारा तरुण, व्यायामशाळेत दोन तास घाम गाळणारा खेळाडू, असे त्याचे पहिले रूप असू शकते. घरचे लोक दारूची लक्षणे शोधत असतात आणि ती सापडत नाहीत म्हणून निश्चिंत राहतात.

औषधाच्या कपाटातून बाहेर

कृत्रिम उत्तेजक द्रव्यांचा इतिहास गुन्हेगारीच्या नव्हे, तर औषधनिर्मितीच्या दालनात सुरू होतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये चीनच्या पारंपरिक वैद्यकात दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका झुडपापासून एफेड्रिन वेगळे केले. दोनच वर्षांनी, १८८७ मध्ये, लाझार एदेलेआनू या रुमानियन संशोधकाने बर्लिनमध्ये अँफेटामिन तयार केले. नागाई यांनीच १८९३ मध्ये एफेड्रिनपासून मेथअँफेटामिन बनविले आणि १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी ते स्फटिकरूपात मिळविले. त्या वेळी या पदार्थांचा उपयोग काय, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हते.

उपयोग सापडला तो १९३०च्या दशकात. नाक चोंदल्यास हुंगावयाच्या नळीत अमेरिकेत अँफेटामिन घातले जाऊ लागले. जर्मनीत १९३८ पासून 'पर्विटिन' या नावाने मेथअँफेटामिनच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि जपानी सैन्यांत मेथअँफेटामिन, तर ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्यांत अँफेटामिन वापरले गेले. झोप लांबविणे आणि थकवा झाकणे हे काम ती चोख करीत. युद्ध संपल्यावर जपानमध्ये शिल्लक साठा बाजारात आला आणि पराभूत, उपाशी, बेकार तरुणांची एक पिढी त्याच्या आहारी गेली. १९५१ मध्ये जपानला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५४ या एका वर्षात त्या कायद्याखाली पन्नास हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. एखाद्या समाजात उत्तेजक द्रव्यांची साथ पसरण्याचे हे पहिले मोठे उदाहरण मानले जाते. तेथे पदार्थ आधी औषध म्हणून घरोघरी परिचित झाला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण व्यायामशाळांतील इंजेक्शनांबद्दल पुढे लिहिताना तिचीच आठवण येते.

मेफेड्रॉनची कहाणी थोडी निराळी. आफ्रिकेच्या पूर्व टोकाला आणि येमेनमध्ये 'खात' नावाच्या झाडाची कोवळी पाने चघळण्याची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे खर्रा तोंडात धरून गप्पांचा फड रंगतो, तसाच काहीसा तो प्रकार. त्या पानांतील उत्तेजक घटकाचे नाव कॅथिनोन. त्याच्याशी रचनेने जवळचे असलेले मेफेड्रॉन १९२९ मध्येच प्रयोगशाळेत तयार झाले होते आणि नंतर सत्तरहून अधिक वर्षे विस्मृतीत गेले होते. २००३च्या सुमारास ते पुन्हा उजेडात आले, इंटरनेटवरून विकले जाऊ लागले आणि युरोपात 'झाडांचे खत' किंवा 'स्नानाचे क्षार' अशा लेबलांखाली, कायद्याच्या यादीत नाव नसल्याचा फायदा घेऊन, उघडपणे खपले. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी घातली. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आले आणि पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांनीही त्याला आपल्या नियंत्रित पदार्थांच्या सूचीत घेतले. त्याआधीची काही वर्षे मुंबईत ते 'म्याव म्याव' आणि 'एमडी' या नावांनी विकले जात होते आणि विक्रेत्याला पकडूनही पोलिसांना कठोर कलम लावता येत नव्हते. व्यसनाची मुळे शहरात रुजली ती याच काळात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एमडी आणि एमडीएमए ही एकाच पदार्थाची नावे नव्हेत. एमडीएमए म्हणजे मेजवान्यांत खपणाऱ्या 'एक्स्टसी'च्या गोळ्या. तो अँफेटामिनच्या कुळातला निराळा पदार्थ. महाराष्ट्रात आज पुडीतून विकली जाणारी पांढुरकी, पिवळसर भुकटी किंवा खडे म्हणजे बहुतेक वेळा मेफेड्रॉन असते. 'बहुतेक वेळा' असे म्हणावे लागते, कारण पुडीत नक्की काय आणि किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. भेसळ हा या धंद्याचा स्थायीभाव आहे.

शेतातून नव्हे, शेडमधून

अफू किंवा गांजा पिकविण्यासाठी जमीन, हवामान आणि हंगाम लागतो. कोकेनसाठी तर दक्षिण अमेरिकेतील डोंगरउतार लागतात. कृत्रिम द्रव्यांना यातले काहीच लागत नाही. पत्र्याची शेड, वीज, पाणी, थोडी उपकरणे आणि रसायनशास्त्राचे जेमतेम ज्ञान असलेला एखादा माणूस एवढ्यावर कारखाना उभा राहतो. औषधनिर्मितीत आणि रंगउद्योगात अग्रेसर असलेल्या महाराष्ट्र-गुजरात पट्ट्यात कच्चा माल आणि कुशल कामगार दोन्ही उपलब्ध आहेत. याच कारणाने मेफेड्रॉन हा मोठ्या प्रमाणावर इथलाच, देशी माल ठरला आहे.

राज्यातील मोठ्या कारवायांची ठिकाणे पाहिली, तरी हा प्रवास ध्यानात येतो. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत सुमारे साडेअठरा टन एफेड्रिन जप्त केले. तो माल परदेशी पाठवून त्याचे मेथअँफेटामिन करण्याचा बेत होता, असा पोलिसांचा आरोप होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातील मेफेड्रॉनचा कारखाना उघडकीस आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीपासून धागा पकडला आणि पुणे, सांगली, दिल्ली अशा ठिकाणांहून मिळून सतराशे किलोंहून अधिक मेफेड्रॉन हस्तगत केले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई गुन्हे शाखेने सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळी या गावी छापा घालून १२२ किलो माल पकडला. आणि मग डिसेंबर २०२५ मधील कारंजा (घाडगे). औद्योगिक वसाहतीकडून दुष्काळी तालुक्यातील खेड्याकडे आणि तिथून विदर्भातील आडवाटेकडे, अशी ही सरकती रेषा आहे. वसाहतींवर नजर वाढली, की भट्टी अशा जागी जाते जिथे रसायनाचा उग्र वास कोणी हुंगणार नाही आणि रात्रीच्या टेम्पोविषयी कोणी विचारणार नाही.

या बातम्यांबरोबर येणारे कोटींचे आकडे मात्र वाचकांनी जपून घ्यावेत. इरळीचा १२२ किलो माल २४५ कोटींचा, म्हणजे किलोला सुमारे दोन कोटी. कारंज्याचा १२८ किलो माल १९२ कोटींचा, म्हणजे किलोला दीड कोटी. यंत्रणा बदलली, की दर बदलतो. तो बाजारात मोजलेला भाव नसून गृहीत धरलेला भाव असतो. मथळ्यासाठी कोटी उपयोगी पडतात. धोका मोजायचा तर वजन पाहावे. एनडीपीएस कायद्यानुसार मेफेड्रॉनचे 'व्यापारी प्रमाण' ५० ग्रॅमपासून पुढे सुरू होते. त्या हिशेबाने कारंज्यात सापडलेला साठा या मर्यादेच्या २,५६० पट होता.

वऱ्हाडची भौगोलिक जागा येथे महत्त्वाची ठरते. सुरतेहून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर असा पूर्वेकडे जाणारा महामार्ग, मुंबई-हावडा लोहमार्गावरील अकोला आणि बडनेरा ही स्थानके, आणि आता अमरावती जिल्ह्याच्या धामणगाव भागातून जाणारा समृद्धी महामार्ग, या तिन्ही वाटा पश्चिमेकडील रासायनिक पट्ट्याला मध्य भारताशी जोडतात. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सुमारे १०५ तासांत अंथरण्याचा जागतिक विक्रम झाला, त्याचे कौतुक रास्तच होते. चांगला रस्ता कापसालाही उपयोगी पडतो आणि पुडीलाही.

शरीरात काय घडते

मेंदूतील पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांच्या द्वारे बोलतात. त्यांपैकी डोपामिन हा आनंदाचा आणि 'हे पुन्हा कर' अशा प्रेरणेचा निरोप, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हा सावधतेचा आणि सेरोटोनिन हा मनाच्या स्वस्थतेचा. जेवण, खेळ, यश, माणसांचा सहवास यांतून हे निरोप थोडेथोडे सुटतात. अँफेटामिन आणि मेफेड्रॉन यांसारखी द्रव्ये साठ्याचे दारच उघडतात. एरवी दिवसभरात झिरपणारे रसायन काही मिनिटांत ओतले जाते. त्यातून येणारा आत्मविश्वास आणि स्फूर्ती खोटी असली, तरी जाणवताना ती खरीच वाटते.

मेफेड्रॉनचा विशेष धोका त्याच्या आखूडपणात आहे. नाकाने ओढल्यावर काही मिनिटांत परिणाम सुरू होतो आणि तासा-दोन तासांत तो ओसरू लागतो. ओसरताना मन एवढे रिकामे होते, की लगेच पुढची मात्रा हवीशी वाटते. दारू पिणारा कधीतरी झोपी जातो. येथे झोपच नसते. एका बैठकीत पुनःपुन्हा मात्रा घेत दोन-दोन, तीन-तीन दिवस जागे राहण्याचे प्रकार म्हणूनच होतात. आरंभीच्या मात्रेची गोडी पुन्हा येत नाही, मात्रा तेवढी वाढत जाते.

या काळात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढलेला असतो. जबडा आवळला जातो, दात कराकरा वाजतात, बाहुल्या विस्फारतात, भूक मरते. रक्तवाहिन्या आकसल्याने हातपायांची बोटे गार आणि निळसर पडू शकतात. भुकटी ओढून नाकाची त्वचा सोलवटते, घोळणा फुटतो. विशी-पंचविशीच्या तरुणाला हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडून, हृदयविकाराचा झटका येऊन किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येऊ शकतो आणि तो नेहमी अनेक वर्षांच्या व्यसनानंतरच येतो असेही नाही.

अकोल्या-अमरावतीच्या वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उत्तेजक द्रव्ये शरीराचे तापमान वाढवितात आणि तहान-थकव्याची जाणीव बोथट करतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे एक प्रमुख कारण शरीराचे हे अनियंत्रित तापणे हेच आहे. लंडन किंवा मुंबईच्या वातानुकूलित दालनात ते जितके घातक, त्याहून कितीतरी अधिक ते अशा मुलखात, जिथे मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. उन्हाळ्यात घामाघूम, बडबडणारा, अंग भाजत असलेला तरुण दवाखान्यात आणला, तर तो उष्माघातच समजला जाण्याची शक्यता मोठी. बरोबरच्या मित्रांनी डॉक्टरांना खरे सांगितले, तर जीव वाचतो. तेच बहुधा सांगितले जात नाही.

शरीराहून मनाची हानी अधिक गोंधळात टाकणारी असते. सलग जागरण आणि वाढती मात्रा यांतून संशय बळावतो. कोणीतरी पाठलाग करते आहे, मोबाइलमधून ऐकते आहे, घरचेच लोक जेवणात काही कालवीत आहेत, अशा समजुती घट्ट होतात. नसलेले आवाज ऐकू येतात, त्वचेखाली किडे वळवळल्याचा भास होऊन अंग ओरबाडले जाते. पूर्वी शांत असलेला मुलगा आईवर हात उगारतो. वऱ्हाडातल्या कित्येक घरांत अशा वेळी पहिली धाव देवऋषीकडे असते. 'बाहेरचे लागीर' समजून अंगारे-धुपारे चालतात, मुलगा बांधून ठेवला जातो आणि आठवडा, पंधरवडा निघून जातो. पुष्कळ रुग्णांत पदार्थ थांबल्यावर आणि औषधोपचार मिळाल्यावर ही लक्षणे काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतात. काहींत मात्र ती रेंगाळतात किंवा मूळच्या सुप्त मानसिक आजाराला तोंड फुटते. कोणत्या रुग्णात काय होईल, हे आधी सांगता येत नाही.

घराला काय दिसते

म्हणून कुटुंबाने काय पाहावे? झोपेचे वेळापत्रक पाहावे. दोन रात्री पूर्ण जागरण आणि मग वीस-बावीस तासांची गाढ झोप, असे चक्र वरचेवर दिसू लागले, तर तो इशारा आहे. महिन्या-दोन महिन्यांत कपडे सैल होणे, जेवणाच्या ताटावरून उठणे, सर्दी नसताना सतत नाक चोळणे, ओठ चावणे, एरवी अबोल मुलाने रात्री तासन् तास बोलणे आणि दोन दिवसांनी एकाएकी खिन्न होऊन खोलीचे दार लावून घेणे, पैशांची न सुटणारी कोडी, घरातील वस्तू नाहीशा होणे. यांतले एखादे लक्षण कोणत्याही तरुणात असू शकते. परीक्षेच्या दिवसांत तर असतेच. एकत्र आणि फेऱ्याफेऱ्यांनी आली, तर मात्र बोलले पाहिजे. झडती घेण्याआधी बोलले पाहिजे, हे मानसोपचारतज्ज्ञ वारंवार सांगतात.

औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लघवीतपासणीच्या पट्टीवर फार विसंबू नये. अँफेटामिनसाठी बनविलेल्या सामान्य पट्ट्यांत मेफेड्रॉन अनेकदा उमटत नाही. पट्टी 'निगेटिव्ह' आली म्हणून निर्धास्त झालेले पालक आणि त्यावर हसणारा मुलगा, दोघांचेही त्यात नुकसान आहे.

पुडीपेक्षा सभ्य दिसणारी आणखी एक वाट आहे आणि वऱ्हाडात तिच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. मेफेंटरमिन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी, विशेषतः मणक्यात भूल दिल्यावर, एकदम उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. तेही अँफेटामिनच्या कुळातलेच कृत्रिम उत्तेजक. व्यायामशाळेत अधिक वजन उचलता यावे, धावताना दम टिकावा म्हणून ते टोचून घेण्याचा प्रकार देशात गेल्या काही वर्षांत वाढला. मानसोपचाराच्या नियतकालिकांत अशा व्यसनी रुग्णांच्या नोंदी आहेत आणि महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने व पोलिसांनी अनेक ठिकाणी बेकायदा विकले जाणारे हे साठे पकडले आहेत. अमरावती म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची, मल्लखांबाची आणि मैदानाची नगरी. अकोल्यातही पहाटे पाच वाजता पोलिसभरतीसाठी, सैन्यभरतीसाठी धावणाऱ्या मुलांचे जथे दिसतात. शेतीचा भरवसा उरलेला नाही, वयोमर्यादा संपत आली आहे, सोळाशे मीटरच्या धावेत काही सेकंद कमी पडतात. अशा मुलाला कोणी 'ताकदीचे इंजेक्शन' म्हणून ही कुपी पुढे केली, तर तो तिला नशा समजतच नाही. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकणे बेकायदा आहे, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत हे द्रव्य आहे आणि एकच सुई दोघांनी वापरल्यास एचआयव्ही व काविळीचे विषाणू सोबत येतात. चढलेल्या रक्तदाबावर पुन्हा धावण्याचा ताण पडतो, तेव्हा हृदयावर काय ओढवू शकते, हे निराळे सांगावयास नको.

प्रमाणाचे भान मात्र सुटू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पीत असल्याचे आढळले, तर अँफेटामिन वर्गातील उत्तेजकांचे सेवन करणारे ०.१८ टक्के. टक्केवारी लहान असली, तरी देशाच्या लोकसंख्येत ती लाखांच्या घरात जाते. शिवाय ही पाहणी कुरकुंभ-कारंजाच्या पूर्वीची आहे. तरीही वऱ्हाडात आजही सर्वाधिक संसार मोडते ती दारूच, आणि सर्वाधिक जबडे सडवतो तो खर्रा. एमडीच्या धास्तीत त्यांना सवलत मिळू नये.

उपचार आणि कायदा

गाडगे महाराजांनी खराटा हातात घेऊन कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून व्यसनमुक्तीचा प्रचार केला. त्या परंपरेमुळे शपथ घेऊन व्यसन सोडण्याची कल्पना या भागात रुजलेली आहे. शपथेचे बळ नाकारण्याचे कारण नाही. मात्र उत्तेजक द्रव्यांच्या बाबतीत शपथेनंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. दारू सोडताना हातपाय थरथरतात, झटके येतात. येथे तसे काही दिसत नाही. दिसतो तो गाढ थकवा, अतिझोप, खादाडपणा आणि त्यामागे दडलेली भयंकर उदासी. कशातच रस वाटत नाही, कारण मेंदूतील आनंदाची यंत्रणा रिती झालेली असते. आत्महत्येचे विचार याच काळात येतात. 'आता घेत नाही, नुसता झोपतो, सुधारला,' असे म्हणून घरचे लोक कामाला लागतात, तेव्हाच त्या मुलाला एकटे ठेवणे योग्य नसते.

अफूवर्गीय व्यसनांत मूळ पदार्थाऐवजी देता येईल असे नियंत्रित औषध उपलब्ध आहे. उत्तेजकांसाठी असे सर्वमान्य पर्यायी औषध अद्याप नाही. अस्वस्थता, भ्रम, निद्रानाश, नैराश्य यांवर औषधे देता येतात आणि ती द्यावी लागतात. परंतु उपचाराचा गाभा समुपदेशनाचा आहे. कोणत्या वेळी, कोणासोबत, कोणत्या प्रसंगी ओढ लागते हे रुग्णाने ओळखायचे, ते प्रसंग टाळायचे किंवा त्यांना निराळे उत्तर द्यायचे आणि पदार्थाविना गेलेल्या प्रत्येक आठवड्याचे काही मूर्त बक्षीस ठेवायचे, अशा पद्धतींचा गुण अभ्यासांत दिसून आला आहे. त्याला महिने लागतात. मध्येच एकदा पाय घसरला म्हणजे सर्व फुकट गेले, असे नव्हे.

अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचे इर्विन, आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे मनोविकार विभागात तपासणी होऊ शकते. केंद्र शासनाची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यासाठीची 'टेली-मानस' सेवा १४४१६ वर आहे. खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना त्याची नोंदणी आणि तेथे मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात की नाही, हे विचारावे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार रुग्णाला साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे. मारझोड करून 'सुधारणाऱ्या' केंद्रात मुलाला सोपवून येणारे पालक त्याला उपचारांपासून कायमचे दूर लोटतात, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये.

राहिला पोलिसांचा प्रश्न. पुष्कळ घरे दवाखान्यात जात नाहीत ती याच भीतीने. कायदा कठोर आहे, यात शंका नाही. मेफेड्रॉन व्यापारी प्रमाणात बाळगल्यास किमान १० आणि कमाल २० वर्षे सश्रम कारावास व किमान एक लाख रुपये दंड आहे आणि अशा प्रकरणांत जामीन मिळणे अतिशय अवघड असते. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने अमली पदार्थांच्या संघटित व्यापाराला 'मोक्का' लावता यावा म्हणून त्या कायद्यात दुरुस्तीही संमत केली. पुडी 'फक्त इकडून तिकडे' पोहोचविणाऱ्या महाविद्यालयीन मुलाला याची कल्पना बहुधा नसते. उधारी फेडण्यासाठी व्यसनी मुलालाच विक्रेता करणे ही या धंद्याची ठरलेली रीत आहे. सेवन करणारा कायद्याच्या दृष्टीने पुरवठादार होतो तो याच टप्प्यावर.

केवळ सेवन हाही गुन्हा आहे. मात्र त्याच कायद्यात ६४-अ हे एक कलम आहे आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत उपचार घेऊ लागली आणि तिने ते पूर्ण केले, तर त्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला चालविला जात नाही. उपचार अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेता येते. मेफेड्रॉनच्या बाबतीत 'अल्प प्रमाण' म्हणजे दोन ग्रॅमपर्यंत. त्याहून अधिक वजन जवळ सापडले, की ही वाट बंद होते.